कोपरा चेपलेली बॅटरी

"…ते सगळं ठीक आहे. पण आग लागली तेव्हा तू कुठे होतीस?"

शलाकाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दुसरंच सांगितलं.

"चार्जर चांगल्यातला होता, चाचा. भरलं की आपोआप बंद होणारा. करंटही मी बेताचाच लावला होता. बॅटरीच सदोष निघाली."

दाऊदचाचा ओट्यावर बसले होते. मांडीवर जुनं वर्तमानपत्र, त्यावर तांब्याच्या तारेचे वाकडेतिकडे तुकडे. एकेक तुकडा ते चिमटीत धरून सरळ करत होते.

"मी चार्जरचं विचारलं नाही."

"घरातच होते."

"हं."

सरळ झालेली तार त्यांनी बाजूला ठेवली. दुसरी उचलली.

धुकं ओट्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. समोर एवढा मोठा सडा, उघड्या कातळाचं पठार, पण त्यातलं दहा-बारा हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. सकाळचे नऊ वाजले होते, की पहाटेचे सहा, हेही कळू नये असा उजेड.

शलाका चितारी सावंतवाडीहून आली होती. वय एकोणतीस. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आणि रिमोटवर धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींमध्ये तिचं नाव होतं. हातभर लांबीची गाडी, पण तिच्या हातात रिमोट आला की बघणारे बोलायचं विसरत. सलग तीन वर्षं ती पहिली आली होती. आपल्याला काय येतं हे तिला ठाऊक होतं, आणि ते समोरच्यालाही ठाऊक असावं अशी तिची अपेक्षा असे.

दाऊद मुजावर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं बॅटरी रूममध्ये काढली. आता सड्याच्या काठावर चिऱ्यांच्या दोन खोल्यांत राहत. शर्यतवाली मंडळी लांबलांबून त्यांच्याकडे येत, बॅटऱ्या बांधून घेत, दुरुस्त करून घेत. काही जण नुसतेच येत आणि चहा पिऊन जात.

"तुला हवंय काय?" चाचांनी विचारलं.

"येत्या रविवारी कोल्हापूरला शर्यत आहे. मला अशी बॅटरी द्या, जी कधीच पेटणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

चाचा उठले. आत गेले. निळी टेप गुंडाळलेला एक लांबट ठोकळा घेऊन आले आणि तिच्या हातावर ठेवला.

"घे. ही कधी पेटणार नाही."

शलाकाने तळहात थोडा वरखाली केला. ती खेळणी करणाऱ्याची मुलगी. तिला टेप सोडवून बघावी लागली नाही.

"हे लाकूड आहे. पांगारा."

"हो. गाडीत माप बघायला ठेवतो. गाडी धावत नाही हिच्यावर… पण पेटतही नाही. चुलीत घातलीस तर गोष्ट वेगळी."

तिने ठोकळा ओट्यावर ठेवला.

"चाचा, मी पोरखेळ करायला नाही आले. मी हाच विषय शिकवते."

"मग तुझ्याकडच्या दाखव."

तिची मोटार पायरीखाली उभी होती. डिकीतून तिने कापडी पिशवी आणली. आत पाच बॅटऱ्या होत्या. स्क्रू ड्रायव्हर, नट, जादा चाकं, बिस्किटांचा पुडा, आणि त्यांच्यातच या पाच.

चाचांनी पिशवीत बघितलं. स्क्रू ड्रायव्हर तेवढा उचलून लांब ठेवला.

मग एकेक बॅटरी काढून मीटर लावलं. आकडा वाचला. पुढची घेतली.

"पाचही काठोकाठ भरलेल्या. कधी भरल्यास?"

"रविवारी. बेळगावला. शर्यत पावसाने रद्द झाली."

"आज?"

"गुरुवार."

"तेव्हापासून डिकीत?"

"हो."

"बेळगावला उन्हात उभी होती गाडी?"

"पाऊस येईपर्यंत… हो."

चाचांनी एक बॅटरी तळहातावर घेतली, आजारी माणसाचा हात घ्यावा तशी.

"चार दिवस ह्या पाच जणी चवड्यांवर उभ्या आहेत," ते म्हणाले. "पळायला तयार. कुणी 'निघा' म्हणालं नाही, कुणी 'बसा' म्हणालं नाही."

"शर्यतीला भरलेलीच लागते."

"शर्यतीला. शर्यत कुठे आहे?"

शलाकाने पिशवीतलं एक चाक उचलून फिरवलं.

खरं तर त्या बॅटऱ्या तिने भरल्याच नव्हत्या. बरोबरच्या कुणीतरी चार्जिंगला लावून दिल्या होत्या. एप्रिलमधल्या त्या आगीपासून चार्जरची पिन हातात घेतली की तिची बोटं थरथरत. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती हसत म्हणायची, जरा लाव रे, मी तोवर चाकं बघते. आणि पाठ करून उभी राहायची.

चाचांनी आतून रिक्षाचे जुने दिवे आणले. चार बॅटऱ्यांना चार दिवे जोडले. ओट्याच्या चिऱ्यावर वाळू पसरून, त्यावर हातभर अंतराने मांडले. पाचवी तशीच बाजूला राहू दिली.

दिवे लागले. पिवळे, मंद. धुक्यात प्रत्येकाभोवती एकेक गोल उजेड उभा राहिला.

"आता?" शलाकाने विचारलं.

"आता बसायचं."

"किती वेळ?"

"निम्म्यावर येईपर्यंत. दोन-अडीच तास."

"त्याला बसायला कशाला हवं? मी तोवर खाली बाजारात जाऊन…"

चाचांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते दिव्यांकडे बघत होते.

ती बसली.

पहिली दहा मिनिटं तिने मोबाईल बघितला. मग तोही ठेवला. सड्यावर कुठेतरी टिटवी ओरडत होती, पण कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. कातळावरच्या डबक्यांत पांढरे गेंद फुलले होते. धुकं जरा सरकलं की ते दिसत, परत नाहीसे होत. ते खरंच तिथे होते की डोळ्यांना तसं वाटत होतं, अशी शंका यावी.

"निम्म्यावर का?" तिने विचारलं. उत्तर तिला येत होतं. पुस्तकात आकडा होता, सेलला तीन पूर्णांक आठ व्होल्ट. वर्गात तिने तो फळ्यावर लिहिला होता. तरी तिने विचारलं.

"भरल्या ताटावर कुणी झोपतं का?"

"नाही."

"उपाशीपोटी?"

"…झोप लागत नाही."

"मग?"

चाचा दिव्यांकडे वळले. अधूनमधून मीटर लावत. एका बॅटरीचा दिवा त्यांनी इतरांच्या आधी काढला. तिच्या दोन सेलांपैकी एक खाली जात होता, दुसरा वरच होता.

"ही?"

"दोघी बहिणी आहेत आत. एकीच्या पानात कमी पडतंय. हिला जपून घ्यायचं. एकेकीला वेगळं विचारायचं."



"एक्स्चेंजला काचेच्या बरण्या होत्या," चाचा एकाएकी म्हणाले. "एवढाल्या, कमरेइतक्या. चोवीस. सुरुवातीच्या काळात. आत प्लेटा दिसायच्या, पाणी दिसायचं. चार्ज होताना बारीक बुडबुडे वर यायचे. मी एकटा आणि चोवीस बरण्या. वरच्या मजल्यावर सगळं गाव बोलायचं. बारसं, बोलणी, भांडणं, मयत… सगळं त्या बुडबुड्यांवर चाललेलं. मी एकतीस वर्षांत त्यातला एक शब्द ऐकला नाही."

शलाकाच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली. चोवीस काचा आणि त्यांतून वर जाणारी सगळ्या गावाची बोलणी, कुणालाही ऐकू न येणारी.

"कंटाळा नाही आला?"

"एकदा आला. दुपारची वेळ होती. समोर मैदानात कबड्डीचा सामना. लाईट गेलेली, सगळं बॅटरीवर. जनरेटर लावायचं माझं काम होतं. म्हटलं, पाचच मिनिटं…"

ते थांबले.

"मग?"

"सामना चांगला झाला."

दिव्यांपैकी एक किंचित फडफडला आणि स्थिर झाला.

"दीड तास गावाचे फोन बंद होते. तेवढ्या वेळात कुणीतरी कुणाला तरी फोन लावत असणार. कुणी, कुणाला… ते मला अजून कळलेलं नाही."

शलाकाने त्यांच्याकडे बघितलं. ते मीटरकडे बघत होते.

चारही बॅटऱ्या निम्म्यावर आल्या. चाचांनी त्यांच्या पिनांना टेप लावली आणि तिला घेऊन मागच्या पडवीत गेले. पडवीला चिऱ्याची भिंत, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. आसपास चिंधी नाही की कागद नाही. वाळूत अर्धी पुरलेली मातीची मडकी ओळीने मांडलेली होती. एकेका मडक्यात एकेक बॅटरी.

शलाकाच्या चार ठेवून त्यांनी वर मातीची झाकणं घातली. तिने सवयीने एक झाकण घट्ट बसवलं.

चाचांनी ते पुन्हा सैल केलं.

"घट्ट नको?"

"आत काही झालं तर त्याला बाहेर यायला वाट हवी. कोंडलं की फुटतं."

निघताना ते झाकण तिने दोनदा वळून बघितलं.

"चल," चाचा म्हणाले. "ती पाचवी गाडीत घाल. तू चालवतेस कशी ते तरी बघू."

हे तिला हवंच होतं.

डिकीतून शर्यतीची गाडी काढून तिने सड्यावर ठेवली आणि रिमोट हातात घेतला. तिचे खांदे खाली आले. सकाळपासून पहिल्यांदाच तिला आपण आपल्या जागेवर आहोत असं वाटलं.

गाडी सुटली. कातळावरून सरकत, डबक्याला वळसा घालून, गेंदांच्या पांढऱ्या रांगेच्या कडेकडेने गेली, आणि धुक्यात शिरली.

ती दिसेनाशी झाली तरी शलाका थांबली नाही. ती आवाजावर चालवत होती. मोटारीचा सूर उंच झाला की सरळ रस्ता, खाली आला की वळण. गाडी धुक्यातून डावीकडून बाहेर आली, त्यांच्यासमोरून गेली, उजवीकडे पुन्हा गडप झाली. जणू दुसऱ्याच कुठल्या मुलुखात जाऊन येत होती.

चाचा भान हरपून बघत राहिले. त्यांची मान गाडीबरोबर फिरत होती.

शलाकाच्या ते लक्षात आलं. तिने वेग वाढवला.

धुक्यात दगडावर काहीतरी आपटलं. सूर तुटला.

ते चालत गेले. गाडी उलटी पडली होती, चाकं वर. एक कातळाचा सुळका पुढे आला होता, त्यावर ती बरोबर कुशीवर आदळली होती. शलाकाने बॅटरी काढली. एका कोपऱ्याला खोक पडली होती, अंगठ्याच्या नखाएवढी. तिने खिशातलं मीटर लावलं.

"ठीक आहे. दोन्ही सेल सारखे. फुगलेली नाही. नुसता कोपरा चेपलाय."

आणि बोलता बोलता तिने ती बॅटरी जॅकेटच्या खिशात टाकायला हात वळवला.

चाचांनी तळहात पुढे केला.

नुसता हात पसरून उभे राहिले.

तिने बॅटरी त्यांच्या हातावर ठेवली.

ते झपाझप घराकडे गेले. अंगणाच्या टोकाला, घरापासून वीसेक पावलांवर, उघड्या कातळात वाळू भरलेला एक खळगा होता. बॅटरी त्यांनी त्या वाळूवर ठेवली. बाजूला वाळूची बादली ठेवली. वाऱ्याचा अंदाज घेतला. मग वाऱ्याकडे पाठ येईल अशा बाजूला, दहा पावलांवर चटई पसरली आणि बसले.

शलाका उभी राहिली.

"चाचा, मीटर ठीक दाखवतंय."

"हो."

"मग?"

"मार बसलाय. आत काय झालंय ते मीटरला लगेच कळत नाही. तिला स्वतःलाही नसेल कळलं."

"किती वेळ बसणार?"

ते बसून राहिले.

तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेबारा. कोल्हापूरची तयारी, कॉलेजचं काम, परतीचा घाट… सगळं डोक्यात येऊन गेलं. मग ती चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली.

धुकं वर उचलू लागलं होतं. अगदी हळू, कुणी झोपलेल्या माणसावरचं पांघरूण काढावं तसं. आधी जवळचे कातळ दिसले, मग डबकी, मग लांब काठावरची आईनाची झाडं.

वाळूवर ती बॅटरी पडली होती. एवढीशी. साबणाच्या दोन वड्यांएवढी.

एक तास गेला. चाचा आतून पेज घेऊन आले. जाताना म्हणाले, "बघ हं." आल्यावर म्हणाले, "बघितलंस?" एवढंच.

दोघांनी पेज प्यायली. डोळे वाळूकडेच.

अजून एक तास गेला असेल.

"ती पण आपटली होती," शलाका म्हणाली.

चाचांनी मान वळवली नाही.

"एप्रिलमधली. आदल्या दिवशी सरावात भिंतीवर आपटली. असाच कोपरा. मी मीटर लावलं, ठीक होतं. दुसऱ्या दिवशी गाडीतून काढली तशी, गरम असतानाच चार्जिंगला लावली. बाबांच्या कामाच्या टेबलावर. कपड्यावर."

वाऱ्याने वाळूचे चार कण हलले.

"बाबा लाकडी फळं रंगवतात. आंबे, केळी, सीताफळं. तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वीस-पंचवीस आंबे सुकत होते. बाबा आत पडले होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच… आणि मी घरात नव्हते, चाचा."

ती थांबली. तिला वाटलं आता चाचा काहीतरी म्हणतील. त्यांनी नुसता पाय दुमडून घेतला.

"शेजारी रेग्यांकडे गेले होते. जिंकल्याचा व्हिडिओ दाखवायला. पाच मिनिटं म्हणून गेले, चाळीस मिनिटं बसले. बाबांना धुराने जाग आली. टेबलावर माझी गाडी होती, शर्यतीची. ती वाचवायला त्यांनी पेटती बॅटरी हाताने उचलून अंगणात फेकली. उजव्या हाताने."

चाचांची नजर वाळूवरच होती.

"दोन बोटं आता मिटत नाहीत. बारीक कुंचला धरता येत नाही. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, माझ्याच हातून झालं, मीच काहीतरी पिन ओढली. मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही. मग सगळ्यांना सांगत सुटले, बॅटरी सदोष होती."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं नाही. नुसतं थंड वाटलं, अंगातलं जॅकेट कुणी काढून घ्यावं तसं.

चाचा बराच वेळ बॅटरीकडे बघत राहिले.

"मला का सांगतेस?"



शलाकाने ओठ मिटले. मग मोबाईल काढला. सड्याच्या या टोकाला दोन रेघा रेंज होती. तिने उठण्यासाठी हात टेकला, लांब जाऊन बोलावं म्हणून. उठता उठता तिची नजर वाळूकडे गेली. ती पुन्हा बसली.

"इथूनच बोल," चाचा म्हणाले. "मी ऐकत नाही. सवय आहे मला."

पलीकडे तिसऱ्या रिंगला बाबांनी फोन उचलला. मागे पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता. फोन खांद्यावर मानेने धरला असणार.

"बोल गो. जेवलीस?"

"बाबा… त्या दिवशी मी घरात नव्हते."

घासल्याचा आवाज थांबला.

"रेग्यांकडे होते. आणि ती बॅटरी आदल्या दिवशी आपटली होती. मला माहीत होतं, तरी लावली."

…

"बाबा?"

"आहे."

"तुम्ही डॉक्टरांना असं का सांगितलंत?"

"तू काही बोलेनास म्हणून."

शलाकाने डोळे मिटले. लगेच उघडले. वाळूकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"घरातून हाका मारल्या मी तुला. चार हाका. घर केवढं आहे आपलं?"

"मग इतके दिवस…"

"राग होता मला." बाबांचा आवाज चढला नाही. "हाताचा नव्हता. तू सगळ्यांना बॅटरीचं सांगत फिरलीस, त्याचा होता."

"आहे अजून?"

"आहे थोडा. जाईल."

फोन कुणी ठेवला नाही. तिकडे अंगणात कोंबडी कलकलली, ती इकडे सड्यावर ऐकू आली.

"डाव्या हाताने आंब्याचं अंग जमतं," बाबा म्हणाले. "देठ जमत नाही, फळ हलतं. उद्या सुटी काढ. येऊन धर."

सहा महिन्यांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा डाव्या हाताने स्वतः भरून घेत.

"धरते," शलाका म्हणाली.

"आणि कोल्हापूर?"

"बघू."

"बघू काय. शुक्रवारी आंबे, रविवारी कोल्हापूर." त्यांनी फोन ठेवला.

शलाकाने मोबाईल चटईवर पालथा ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. नजर वाळूवरून हलवावी लागली असती.

चाचा खरंच ऐकत नव्हते की काय कोण जाणे. ते हाताची सावली करून, बॅटरीचा तो चेपलेला कोपरा निरखत होते.

ऊन उतरू लागलं. काठावरच्या झाडांच्या सावल्या लांबत लांबत डबक्यांपर्यंत आल्या. गेंद मिटत नाहीत, पण त्या उजेडात मिटल्यासारखे दिसत होते. कधीतरी शलाकाच्या ध्यानात आलं, की आपण घड्याळ बघायचं विसरलो आहोत. आपल्याला कुठे जायचं होतं तेही क्षणभर आठवेना. समोर वाळू, वाळूवर बॅटरी, शेजारी एक म्हातारा माणूस. एवढंच जग होतं आणि ते पुरत होतं.

सूर्य झाडांना टेकला तेव्हा चाचा उठले. गुडघे धरून, सावकाश. बॅटरीजवळ गेले. आधी हाताची पाठ जवळ नेली, मग टेकवली.

"ये. बघ."

शलाकाने हात लावला. गार. कुठे फुगवटा नाही, वास नाही. मीटर लावलं. दुपारइतकेच दोन्ही आकडे सारखे.

तिचा हात थरथरत नव्हता. हेही तिला नंतर जाणवलं.

चाचांनी त्या बॅटरीला रिक्षाचा दिवा जोडला.

"हिला पूर्ण रिकामी होऊ दे. आता हिला पळवायचं नाही. इथे वाळूतच ठेवतो, मग भंगारवाल्याकडे न देता, बॅटऱ्या नीट मोडणारे आहेत त्यांच्याकडे पाठवतो."

"चांगली आहे तरी?"

"चांगली आहे तोवर सोडू तिला."

दिवा पेटला. सड्यावर आता तेवढाच एक उजेड होता.

शलाकाने मागच्या पडवीतून आपल्या चार बॅटऱ्या आणल्या. चाचांनी तिला पत्र्याची एक पेटी दिली. तळाला वाळू, आत चार खण, झाकणाला भोकं पाडलेली. तिने एकेक बॅटरी आत ठेवली. पेटी डिकीत न ठेवता पुढे, आपल्या शेजारच्या सीटखाली, डोळ्यांसमोर राहील अशी ठेवली. पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढून ओट्यावर ठेवला, चाचांसाठी.

मग ती परत चटईपाशी आली. चाचा चटई गुंडाळत होते. तिने दुसरं टोक धरलं.

"उगाच तुमचा सगळा दिवस गेला," ती म्हणाली. "मी दुपारीच म्हटलं होतं, मीटर ठीक आहे. सहा तास बसलो आपण… काहीच झालं नाही."

चाचांनी चटईची गुंडाळी काखेत धरली. दिव्याकडे बघत उभे राहिले.

"झालं की."